एका सर्व्हरच्या बारा भानगडी

चार जणांत फ्लॅट शेअर केलाय कधी? कोथरूड, ऐरोली, पवई... कुठेही असो. मग फ्रिजमधल्या दुधाच्या पिशवीवरून होणारी महाभारतं मी वेगळी सांगायला नकोत. कुणी आणली, कुणी फोडली, कधीची आहे? आणि मागच्या कोपऱ्यातला तो झाकणाचा डबा! तो कुणाचा, हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे कुणी त्याला हात लावत नाही. खाववत नाही आणि टाकवतही नाही.

ऑफिसातला शेअर्ड सर्व्हर म्हणजे डिट्टो असाच फ्रिज. फरक एवढाच, की त्यातल्या एखाद्या डब्यात कुणाचा तरी पगार असतो, कुणाचा पीएफ, कुणाचे ब्लड रिपोर्ट. आणि चुकीचा डबा टाकला, तर तो कचऱ्याच्या बादलीतून परत काढता येईलच असं नाही!

मी डेटाबेस सांभाळते. म्हणजे लग्नात "तू नक्की काय करतेस गं?" असं मावशीनं विचारलं, की ज्यांच्या उत्तराच्या दुसऱ्या वाक्याला मावशीची नजर बुफेकडे वळते, त्या जमातीतली मी. तरी आज थोडं ऐकाच. तुम्ही आयटीत असाल तर हे तुमच्याच टेबलावर कधीतरी येणार आहे. आणि नसाल, तर तुमचा पगार अशाच कुठल्या तरी डब्यात आहे!

पहिला फंडा. लोक "डेटाबेस" हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतात आणि निम्म्या भानगडी तिथंच सुरू होतात. समजा, गॅसची शेगडी म्हणजे इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस वगैरे. पेटलेला बर्नर म्हणजे इन्स्टन्स, अर्थात त्या सॉफ्टवेअरची या क्षणी चालू असलेली एक प्रत. आणि वर जे शिजतंय, तो डेटा. एका शेगडीला चार बर्नर असू शकतात. एका ओट्यावर दोन शेगड्याही असू शकतात. आता कुणी दारातूनच ओरडलं, "अगं, गॅस बंद कर!" तर कुठला करायचा?

"मग प्रत्येकाला वेगळा सर्व्हर द्या की!" असं कुणीतरी म्हणतंच. बॉस, पैसे? मशीनचं भाडं, लायसन्स, त्यावर नजर ठेवणारं माणूस, सगळं दर सर्व्हरमागे वाढतं. शिवाय दिवसभर नुसतं बसून असलेलं मशीन बघून फायनान्सवाल्यांचं बीपी वाढतं ते वेगळंच.

बरं, एकच सॉफ्टवेअर, एकच व्हर्जन ठेवू म्हटलं तर तेही जमत नाही. एचआरचं जुनं अॅप्लिकेशन मायएसक्यूएल ५.७ वरच चालतं. त्या व्हर्जनचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, पण अॅप्लिकेशन बनवणारी कंपनी फोन उचलत नाही. नवीन अॅप्लिकेशनला मात्र ८ च्या खालचं काही चालत नाही. पोस्टग्रेसचं तर दरवर्षी नवं मोठं व्हर्जन येतं, प्रत्येकाला साधारण ५ वर्षं सपोर्ट मिळतो, आणि एका मोठ्या व्हर्जननं लिहिलेलं डेटाचं फोल्डर दुसरं व्हर्जन थेट उघडूच शकत नाही. म्हणजे जुन्यातून नव्यात सामान हलवेपर्यंत दोघांनाही शेजारीशेजारी नांदवावं लागतं. थोडक्यात, गर्दी टळणार नाही. प्रश्न आहे तो गर्दीत कोण कोण आहे हे कळण्याचा.

आधी शिरगणती

आपल्याकडे किती डेटाबेस चालू आहेत, हे विचारल्यावर जो माणूस झटकन आकडा सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. कारण डेटाबेस नेहमी आपण बोलावल्यावरच येतात असं नाही. काही पाहुण्यांच्या सामानातून येतात.

२५ जानेवारी २००३ ची गोष्ट घ्या. शनिवार होता. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत आले होते. 'स्लॅमर' नावाचा एक किडा इंटरनेटवर सुटला. त्याचा मूळ मजकूर फक्त ३७६ बाइट्सचा होता. म्हणजे मोबाइलच्या साध्या तीन एसएमएसमध्ये मावेल एवढा! पण सुरुवातीला त्याच्या शिकारीची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, लागण होऊ शकणाऱ्या मशिनांपैकी सुमारे ९० टक्के मशिनं त्यानं गाठली. एकूण किमान ७५ हजार. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम अडली, दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं.

आता यात आपल्या विषयाचं काय? ऐका. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एक नवी सोय आली होती: एकाच मशिनवर अनेक इन्स्टन्स ठेवता येण्याची. पण मग बाहेरून येणाऱ्याला कोण कुठं राहतं हे सांगणार कोण? त्यासाठी १४३४ नंबरच्या पोर्टवर एक वॉचमन बसवला. त्याला इन्स्टन्सचं नाव सांगायचं, तो दार दाखवणार. स्लॅमरनं नेमकी या वॉचमनमधली चूक हेरली होती.

आणि खरी मेख पुढे आहे. ही चूक दुरुस्त करणारा पॅच जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, आला होता. तरी एवढी मशिनं उघडी कशी राहिली? काहींनी आळस केला, हे खरं. पण एसक्यूएल सर्व्हरची 'एमएसडीई' नावाची एक फुकट, छोटी आवृत्ती बऱ्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप इन्स्टॉल होत असे. म्हणजे आपल्या मशिनवर डेटाबेस राहतोय, हेच अनेकांना माहीत नव्हतं. जो भाडेकरू माहीतच नाही, त्याच्या खिडकीला गज कोण बसवणार?

म्हणून शिरगणती करताना लोकांना विचारत बसू नका. मशीनला विचारा. कुठली प्रोसेस चालू आहे, कुठल्या पोर्टवर कोण कान लावून बसलंय, डिस्कवर कुठली फोल्डरं फुगली आहेत आणि मशीन सुरू होताना आपोआप काय काय उठतं. या चार याद्या शेजारीशेजारी ठेवल्या, की एखादा तरी अनोळखी चेहरा सापडतोच. पैजेवर सांगते!

नाव, घर, दार

शिरगणती झाली, आता प्रत्येकाला पत्ता द्यायचा. हा प्रश्न काही नवा नाही. ओरॅकलमध्ये असताना कॅरी मिलसॅप नावाच्या गृहस्थांनी १९९० च्या दशकात एक शिस्त मांडली, 'ऑप्टिमल फ्लेक्सिबल आर्किटेक्चर'. नाव भारदस्त आहे, पण आतला विचार आपल्या आईच्या फडताळासारखा. सॉफ्टवेअर एकीकडे, डेटा दुसरीकडे. सॉफ्टवेअरच्या फोल्डरच्या नावातच व्हर्जनचा नंबर, म्हणजे जुनं आणि नवं शेजारी राहिलं तरी गळ्यात गळे पडत नाहीत. डेटाच्या फोल्डरच्या नावात त्या डेटाबेसचं नाव. पत्ता वाचला की समजलं, हे काय आहे आणि कुणाचं आहे.

लिनक्स किंवा युनिक्सवरच्या ओरॅकलमध्ये याच्या जोडीला 'ओराटॅब' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत तीन गोष्टी: डेटाबेसचं नाव, त्याचं सॉफ्टवेअर कुठल्या घरात आहे, आणि मशीन सुरू झाल्यावर त्याला उठवायचं की नाही. बस्स! सोसायटीच्या जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांची पाटी असते ना, तीच ही. डेबियन आणि उबुंटूवरच्या पोस्टग्रेसमध्येही असंच आहे. एक कमांड दिली की व्हर्जन, नाव, पोर्ट, चालू की बंद, डेटाचं फोल्डर, सगळा तक्ता समोर.

पण पाटी लावली म्हणून गोंधळ संपत नाही. काही नमुने बघाच.

नमुना पहिला: सख्ख्या बहिणी. मायएसक्यूएलमधलं 'माय' हे इंग्रजीतलं 'माझं' नाही बरं का. फिनलंडच्या मॉण्टी विडेनियस यांच्या थोरल्या लेकीचं नाव आहे ते. पुढे २००८ मध्ये सन कंपनीनं मायएसक्यूएल विकत घेतलं, आणि ओरॅकलनं सन. तो व्यवहार जानेवारी २०१० मध्ये पूर्ण झाला. त्या धामधुमीतच २००९ मध्ये मॉण्टींनी मूळ कोडवरून वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या लेकीचं नाव दिलं, मारिया. म्हणून मारियाडीबी. आता गंमत अशी, की या दोघी बहिणींना राहायला एकच खोली हवी असते. दोघींचं पोर्ट ३३०६. दोघींचं डेटाचं नेहमीचं फोल्डरही तेच. काही न बदलता दोघींना एका सर्व्हरवर आणायला गेलात, तर एक दुसरीला बाहेर काढणार. दोघी हव्याच असतील, तर दुसरीला वेगळं फोल्डर, वेगळं पोर्ट, वेगळी सेटिंगची फाइल आणि वेगळं सॉकेट द्या. चारही गोष्टी हव्यात. तीन देऊन भागत नाही.

नमुना दुसरा: 'लोकलहोस्ट'चा चकवा. यात भले भले फसतात. समजा एका लिनक्स सर्व्हरवर दोन मायएसक्यूएल आहेत. पहिलं ३३०६ वर, दुसरं ३३०७ वर. तुम्ही त्याच मशिनवर बसून कमांड देता: होस्ट 'लोकलहोस्ट', पोर्ट ३३०७. पोर्टचा नंबर अगदी बरोबर. तुम्ही निर्धास्त. आणि तुम्ही पोहोचता कुठं? पहिल्याकडे! कारण मायएसक्यूएलला 'लोकलहोस्ट' हा शब्द दिसला, की ते म्हणतं, अच्छा, घरातलंच आहे का? मग पोर्टकडे न बघता ते आतल्या दारानं, म्हणजे सॉकेटच्या नेहमीच्या फाइलमधून जातं. आणि त्या दाराशी बसलेलं असतं पहिलं. पोर्टचा नंबर सरळ दुर्लक्षित. कसली तक्रार नाही, कसला इशारा नाही. उपाय सोपा आहे. 'लोकलहोस्ट' न लिहिता १२७.०.०.१ असा आकडी पत्ता लिहा, किंवा दुसऱ्याच्या सॉकेटचा पत्ता स्पष्ट द्या. आणि आत शिरल्यावर पहिला प्रश्न नेहमी एकच: तू कितव्या पोर्टवर आहेस आणि तुझं डेटाचं फोल्डर कुठलं? उत्तर वाचल्याशिवाय एंटर नाही.

नमुना तिसरा: दोन 'मेन'. डेबियनवर पोस्टग्रेसचं नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी इन्स्टॉल केलं, की बहुधा त्याच्यासाठी एक नवं, रिकामं घर आपोआप तयार होतं. जुन्याचं नाव 'मेन'. नव्याचंही 'मेन'. जुनं ५४३२ वर, नवं ५४३३ वर. डेटा सगळा जुन्यात. पण "जुनं व्हर्जन काढून टाका, साफसफाई करा" असं फर्मान निघालं, की सामान हललं आहे का हे न बघता झाडू जुन्यावर फिरतो. नवं म्हणजे चालू आणि जुनं म्हणजे भंगार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना!

एक आणि दोनमधलं अंतर

नावातल्या एका अक्षरानं काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गिटलॅबचं. प्रोग्रॅमर लोकांचा कोड सांभाळणारी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचे लोक डेटाबेसच्या एका दुखण्याशी झगडत होते. त्यांच्याकडे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. एकाच्या नावात 'डीबी-१', दुसऱ्याच्या नावात 'डीबी-२'. बाकी नाव सारखंच. एक मुख्य, दुसरा त्याची नक्कल. दुसऱ्यावरचं बिघडलेलं फोल्डर पुसून नक्कल नव्यानं सुरू करायची होती. इंजिनिअरनं कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, आपण पहिल्यावर आहोत! त्यानं कमांड थांबवली खरी, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

इथं दोन वेगळी मशिनं होती, तरी असं झालं. एकाच मशिनवर दोघं असतील, तर स्क्रीनवर मशीनचं नावही सारखंच दिसणार. मग फरक ओळखायचा कशावरून?

पण मला त्या गोष्टीतला दुसरा भाग जास्त झोंबतो. ठीक आहे, पुसलं गेलं. बॅकअप असेलच! रोजचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट होतीही. पण तिचं ठिकाण उघडून बघितलं तर रिकामं. कारण? डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६ चा, आणि बॅकअपचं काम चालत होतं त्या मशिनवर ९.२ चं हत्यार उचललं जात होतं. पोस्टग्रेसचं जुनं बॅकअपचं हत्यार आपल्यापेक्षा नव्या डेटाबेसला हात लावायला नकार देतं. ते रोज इमानेइतबारे नकार देत होतं. त्या नकाराचे ईमेल निघत होते, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून ते वाटेतच नाकारले जात होते.

शेवटी वाचवलं कशानं? त्याच दिवशी, सुमारे सहा तास आधी, एकानं दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं. तेवढ्या तासांमधले सुमारे ५ हजार प्रोजेक्ट, ५ हजार कॉमेंट्स आणि ७०० नवे युजर मात्र डेटाबेसमधून गेले ते गेलेच. कंपनीनं यातलं काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि पुढे सगळा पंचनामा जाहीर केला. म्हणून तर आपल्याला शिकायला मिळतंय.

दोन व्हर्जन शेजारी असतील, तर प्रत्येक स्क्रिप्टमध्ये हत्याराचा पूर्ण पत्ता लिहायचा, हा त्यातला धडा. नुसतं नाव लिहिलं, तर जे आधी सापडेल ते मशीन उचलतं. आणि मुख्य डेटाबेसच्या स्क्रीनची पट्टी लाल करा. चक्क लाल! रात्री अकरा वाजता डोळे नाव वाचत नाहीत, पण रंग बघतात.

ज्याचा त्याचा वाटा

नावं झाली, दारं झाली. आता पाण्याची टाकी! एक जण तासभर शॉवर घेतो आणि बाकीचे बादली घेऊन उभे. सर्व्हरवर हे मेमरीच्या बाबतीत होतं.

हिशेब करू. ६४ जीबी मेमरीचा सर्व्हर आहे. मायएसक्यूएलच्या पुस्तकात सल्ला असतो, की मुख्य कॅशला मेमरीच्या ५० ते ७५ टक्के द्या. पहिल्या टीमनं दिली ७५ टक्के, ४८ जीबी. दुसऱ्या टीमचं मायएसक्यूएल वेगळं. त्यांनीही तेच पुस्तक वाचलं, ४८ जीबी. पोस्टग्रेसवाल्यांच्या पुस्तकात सुरुवातीला २५ टक्के सांगितलंय, १६ जीबी. बेरीज झाली ११२! तिघांनीही पुस्तकाबाहेर काही केलं नाही. फक्त "सर्व्हर एकट्या डेटाबेससाठी असेल तर" ही त्या सल्ल्यातली अट तिघांच्याही नजरेतून सुटली.

सुरुवातीला काहीच होत नाही, हा यातला वाईट भाग. कॅश हळूहळू भरते. मग एका गर्दीच्या दुपारी मेमरी संपते, आणि लिनक्सचा यमदूत उठतो. एक प्रोसेस मारून बाकीच्यांना जगवायचं, हे त्याचं काम. तो बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस निवडतो. शेवटचा घोट कुणी घेतला, हे तो बघत नाही. म्हणजे हावरटपणा एकाचा आणि बळी भलत्याचाच! डिस्कचंही तसंच. एकाच्या लॉगनं डिस्क भरली, की त्याच डिस्कवर लिहिणारे शेजारीही अडकतात.

म्हणून आधी एकूण मेमरीतून मशीनसाठी काही बाजूला काढा, उरलेल्याचे वाटे पाडा आणि ते वाटे लिहून ठेवा. प्रत्येकाचा डेटा शक्यतो वेगळ्या डिस्कवर किंवा निदान वेगळ्या विभागात. आणि वाटा नुसता तोंडी नको. प्रत्येक सर्व्हिसला मेमरीची कमाल मर्यादा घालायची सोय लिनक्समध्येच आहे, ती वापरा.

"आता डॉकर आहे ना, कशाला एवढं टेन्शन?" हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. डॉकर २०१३ मध्ये आलं आणि त्यानं खरंच बरंच सोपं केलं. प्रत्येक डेटाबेस आपापल्या डब्यात, व्हर्जनची मारामारी नाही. सही आहे! पण बाहेरचं पोर्ट तुम्हालाच वाटून द्यावं लागतं. मेमरीची मर्यादा तुम्ही घातली नाही, तर नसतेच. आणि डेटा ठेवायच्या जागेला तुम्ही नाव दिलं नाही, तर डॉकर स्वतःच ६४ अक्षर-आकड्यांचं एक अगम्य नाव ठेवतं. फ्रिजमधला तो झाकणाचा डबा, नव्या प्लास्टिकमध्ये.

टेस्ट-टू

मागे एका क्लायंटचा सर्व्हर आमच्याकडे आला. डिस्क ९४ टक्के भरलेली. शिरगणती केली तर बारा डेटाबेस. नावं ऐका: टेस्ट, टेस्ट-टू, न्यू, न्यू-फायनल, बॅकअप-ओल्ड... लग्नाच्या पत्रिकेच्या फाइललासुद्धा आपण यापेक्षा बरी नावं देतो. टेस्ट-टू चाळीस जीबीचा होता. आमचे सर म्हणाले, "अगं, उडव तो. टेस्टच आहे. दोन आठवडे त्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

खरं होतं. मी कनेक्शनचा लॉग बघितला होता. दोन आठवड्यांत शून्य. पण काही डेटाबेस रोज जागे नसतात, महिन्यातून एकदा उठतात. काही तर फक्त ३१ मार्चला. मी म्हटलं, "सर, महिनाअखेर जाऊ दे. तोवर दुसरीकडची जुनी लॉग काढून जागा करून देते."

२९ तारखेला रात्री टेस्ट-टूवर कनेक्शन आलं. मग दुसरं, तिसरं. कुठून येतंय ते शोधत गेलो तर पोहोचलो क्लायंटच्या चाकणजवळच्या कारखान्यात, अकाउंट्समध्ये. तिथले काका फोनवर अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते पगाराचंच आहे. सुरुवातीला टेस्ट म्हणून बनवलं होतं. चाललं, म्हणून मग तसंच ठेवलं."

चाललं, म्हणून तसंच ठेवलं! आपल्या निम्म्या सिस्टिम्सचा इतिहास या एका वाक्यात आहे. बनवणारा मुलगा कधीच नोकरी सोडून परदेशी गेला होता. आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: ज्याचं नाव 'टेस्ट'नं सुरू होतं, त्याचा बॅकअप घेऊ नये. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचंही काही चुकलं नव्हतं. टेस्टचा बॅकअप कशाला घ्यायचा? पण तो डेटाबेस त्या दिवशी उडवला असता, तर एका अख्ख्या कारखान्याचा पगाराचा हिशेब, ओव्हरटाइम, रजा, अॅडव्हान्स, सगळं कायमचं गेलं असतं. आणि ते कुणाला कळलं असतं? पगाराच्या दिवशी, बायोमेट्रिकच्या रांगेतल्या लोकांना.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. काढायचाच असेल, तर आधी त्याचा बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा. मग डेटाबेसचं दार बंद करा, म्हणजे नवी कनेक्शन घेऊ देऊ नका, पण डेटा जागेवर राहू द्या. निदान एक महिनाअखेर थांबा, आणि पैशाशी संबंध असेल तर मार्चअखेरसुद्धा. ओरडा झाला तर दार पुन्हा उघडायला मिनिटभर लागतं. ओरडा झाला नाही, तर मग निरोप द्या. चाळीस जीबीची डिस्क केवढ्याला पडते आणि एका कारखान्याचा पगार केवढ्याला, एवढं गणित मनात करा.

या सगळ्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलची एक शीट पुरते. प्रत्येक इन्स्टन्सला एक ओळ: नाव, सॉफ्टवेअर आणि व्हर्जन, डेटाचं फोल्डर, पोर्ट, मेमरीचा वाटा, त्यात असलेले डेटाबेस, बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला, आणि मालक कोण. फाइल सर्व्हरवर ठेवा, पण एक प्रत सर्व्हरच्या बाहेरही ठेवा. सर्व्हर बंद पडल्यावर त्याच्याच आतली यादी काय कामाची?

आणि हो, 'मालक' या रकान्यात 'आयटी टीम' असं लिहू नका. माणसाचं नाव लिहा. शेजारी मोबाइल नंबर. तो माणूस नोकरी सोडून जाईल, त्या दिवशी त्याच्याकडून आयकार्ड आणि लॅपटॉप परत घेताना ही शीटसुद्धा उघडा, आणि त्याच्या नावाच्या जागी दुसरं नाव लिहिल्याशिवाय त्याला सोडू नका.